विषारी वायूंचा बंदोबस्त : रासायनिक कारखान्यांच्या रचनेचा इतिहास

कोणत्याहि मोठ्या अपघातानंतर लोक प्रथम विचारतात तो प्रश्न 'चूक कोणाची ?' हा होय. कोणता कामगार झोंपला होता, कोणी झडप उघडी ठेवली, कोणत्या अधिकाऱ्यानें सूचनेकडे दुर्लक्ष केलें, याचा शोध वृत्तपत्रें घेतात, न्यायालयें घेतात आणि चौकशी-समित्याहि घेतात. हा शोध अनावश्यक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रासायनिक कारखान्यांच्या गेल्या सव्वादोनशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, अपघाताच्या वेळीं जें घडलें त्याचा पुष्कळसा भाग त्यापूर्वी कित्येक वर्षें नकाशाच्या कागदावर ठरून गेलेला होता. घातक द्रव्य किती ठेवावें, तें कोठें ठेवावें, सुटलेंच तर त्यानें कोणत्या वाटेनें जावें आणि त्या वाटेवर कोणाचीं घरें असावींत, हे निर्णय कामगाराचे नव्हेत. ते कारखाना आंखणाऱ्याचे व आंखविणाऱ्याचे आहेत. त्या निर्णयांचा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ सोड्यापासून करणें सोयीचें होईल. कांच, साबण व कापड या तिन्ही धंद्यांस सोडा लागतो. तो पूर्वी समुद्रकांठच्या वनस्पतींच्या राखेपासून काढीत. फ्रान्समध्यें निकोला लब्लां यानें मिठापासून सोडा करण्याची कृति शोधून काढली व १७९१ सालीं तिचें पेटंट घेतलें. या कृतीची पहिली पायरी म्हणजे मिठावर गंधकाम्लाची क्रिया करणें. तींतून हायड्रोजन क्लोराइड हा तिखट, दाहक वायु सुटतो; आणि तो थोडाथोडका नव्हे, तर १०० मण मिठामागें सुमारें ६२ मण. स्वतः लब्लांला या शोधाचा लाभ झाला नाहीं. १८०६ सालीं त्यानें आत्महत्या केली. लाभ झाला तो इंग्लंडला. १८२५ मध्यें तेथील मिठावरील कर उठला आणि लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, ग्लासगो व पुढें विड्नेस येथें सोड्याचे कारखाने झपाट्यानें वाढले. हा वायु जेथें जाई तेथें झाडांचीं पानें करपत, कुंपणें वाळत, कुलपांना व अवजारांना गंज चढे, आणि माणसांना खोकल्याशिवाय रस्त्यानें चालतां येत नसे.

कारखानदारांनीं यावर काढलेला पहिला उपाय फार बोधप्रद आहे. त्यांनीं धुरांडीं उंच केलीं. ग्लासगो येथील टेनंट यांच्या कारखान्याचें १८४२ मध्यें पुरें झालेलें धुरांडें ४०० फुटांहून उंच होतें व त्या काळीं तें एक नवल म्हणून गणलें जाई. पण धुरांडें वायूचा नाश करीत नाहीं. तें त्याला फक्त दूर पाठवितें. शेजाऱ्याचें दुःख शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे गेलें, एवढाच काय तो फरक. किंबहुना कारखानदाराचा त्यांत एक गुप्त फायदाहि होता. ज्या गांवांत वीस धुरांडीं आहेत, त्या गांवापासून दोन मैलांवरच्या शेतकऱ्यानें आपलें पीक कोणत्या धुरांड्यानें जाळलें हें न्यायालयांत सिद्ध करावें तरी कसें ? एकाकी उभ्या असलेल्या कारखान्यावर दावे लागत. जेम्स मस्प्रॅट याला तर असल्या दाव्यांपायीं आपलें बिऱ्हाड हलवावें लागलें. परंतु कारखाने दाटीनें उभे राहिले कीं, अपराध सर्वांचा झाला आणि म्हणून कोणाचाच राहिला नाहीं.

खरा उपाय निघाला तो १८३६ सालीं. विल्यम गॉसेज या रसायनज्ञाच्या कारखान्याजवळ एक पडकी पवनचक्की होती. तिचा मनोरा त्यानें झाडांच्या डहाळ्यांनीं व झुडपांनीं भरून काढला, वरून पाण्याची धार सोडली आणि त्यांतून वायु नेला. हायड्रोजन क्लोराइड पाण्यांत अत्यंत सहज विरघळतो. अडचण होती ती त्याला पुरेसें ओलें पृष्ठ मिळण्याची. डहाळ्यांवरून पाझरणाऱ्या पाण्यानें तें मिळालें आणि वायु वर जाण्याऐवजी अम्ल होऊन खालीं उतरला. आज जगांतील बहुतेक प्रत्येक रासायनिक कारखान्यांत वायु धुऊन काढणारा जो उभा मनोरा दिसतो, त्याचा मूळपुरुष ही पडकी पवनचक्की होय.

उपाय सांपडला म्हणजे तो अमलांत येतोच असें नाहीं. गॉसेजच्या मनोऱ्यानंतर पाव शतक उलटलें तरी पुष्कळ कारखाने वायु मोकळाच सोडीत राहिले. कारण तो धरण्यांत खर्च होता आणि धरलेल्या अम्लाला गिऱ्हाईक नव्हतें. शेवटीं हा प्रश्न पार्लमेंटांत गेला तो कामगारांच्या छातीसाठीं नव्हे, तर जमीनदारांच्या वृक्षांसाठीं. पंतप्रधानपद भूषविलेले लॉर्ड डर्बी यांची नोज्ली येथील जहागीर सेंट हेलेन्सला लागून होती. त्यांच्या पुढाकारानें १८६२ सालीं उमरावांच्या सभागृहानें चौकशी केली आणि १८६३ सालीं 'अल्कली ॲक्ट' झाला. प्रत्येक कारखान्यानें या वायूचा शेंकडा ९५ भाग तरी धरलाच पाहिजे, असा त्या कायद्याचा दंडक होता. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. 'आम्लवर्षा' हा शब्दप्रयोग १८७२ मध्यें आपल्या ग्रंथांतून रूढ करणारा तो हाच. नुकसान कोणाचें झालें हें सिद्ध करीत बसण्याऐवजी वायु किती सुटला हें मोजावें, ही या कायद्यामागील कल्पना सरकारी कारभाराच्या इतिहासांत मोठी मोलाची आहे.

पण या यशाला एक काळी किनार होती. धरलेलें अम्ल कारखानदारांनीं ओढ्यांत सोडलें. त्याच ओढ्यांच्या कांठीं लब्लां-कृतीचा गंधकयुक्त गाळ डोंगरासारखा रचलेला असे. अम्ल व गाळ एकत्र आले कीं त्यांतून सडक्या अंड्यांच्या दुर्गंधाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु निघे. हवेंतून काढलेलें विष पाण्यांत गेलें आणि पाण्यांतून पुन्हां हवेंत आलें ! पुढें वेल्डन व डीकन या दोघांनीं या अम्लापासून क्लोरीन व ब्लीचिंग पावडर करण्याच्या कृति काढल्या, तेव्हां कोठें टाकाऊ वायूला किंमत आली. तोंपर्यंत बेल्जममध्यें एर्नेस्ट सॉल्व्हे यानें सोडा करण्याची निराळीच कृति सिद्ध केली होती. तींत हा वायु मुळीं उत्पन्नच होत नाहीं. हळूहळू सॉल्व्हेच्या कृतीपुढें लब्लांची कृति मागें पडली. म्हणजे जी पीडा धुरांड्यानें दूर झाली नाहीं, मनोऱ्यानें कमी झाली, ती अखेर समूळ गेली ती कृति बदलल्यानें. वाचकांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा; कारण पुढील शतकांत तो पुन्हां नव्यानें शिकावा लागला, आणि त्या शिक्षणाची फी फार मोठी पडली.

सोड्याच्या धंद्याबरोबरच दुसऱ्या एका धंद्यानें या विषयांत निराळीच वाट चोखाळली होती. तो धंदा म्हणजे स्फोटकांचा. येथें विषाचा प्रश्न नसून तडाख्याचा होता, आणि तडाखा दूर पाठवून देण्याजोगें कोणतेंच धुरांडें नव्हतें. लाव्हाझिए याच्या हाताखालीं दारूचें काम शिकलेल्या इर्‌ने द्यु पोंट यानें १८०२ सालीं अमेरिकेंत ब्रँडिवाइन नदीकांठीं दारूचा कारखाना घातला. त्याच्या गिरण्यांच्या तीन भिंती जाड दगडी असून नदीच्या बाजूची भिंत व छप्पर मात्र मुद्दाम हलकें ठेविलेलें असे. हेतु असा कीं, स्फोट झालाच तर त्याचा जोर नदीकडे निघून जावा व शेजारची गिरणी वांचावी. एकच मोठी इमारत न बांधतां लहान लहान गिरण्या अंतराअंतरानें बांधल्या होत्या, तेंहि याच हेतूनें. मालकाचें राहतें घर कारखान्यालगतच्या टेकाडावर होतें. इतकेंहि करून स्फोट व्हावयाचे ते झालेच. १८१८ च्या स्फोटांत तीसांहून अधिक माणसें मेलीं. पण 'स्फोट होणारच नाहीं' असें गृहीत न धरतां 'झाला तर काय ?' हा प्रश्न येथें भिंतीच्या जाडीनें विचारला गेला, हें विशेष आहे. ज्याचें घर भिंतीच्या पलीकडे आहे, त्याला भिंत किती जाड हवी हें शिकवावें लागत नाहीं, असेंहि कोणी म्हणेल.

आल्फ्रेड नोबेल याच्या नायट्रोग्लिसरीनच्या कारखान्यांत हीच दृष्टि पुढें गेली. १८६४ मध्यें स्टॉकहोमजवळच्या स्फोटांत त्याचा धाकटा भाऊ एमिल मृत्युमुखीं पडला होता. स्कॉटलंडमधील आर्डीर येथें त्यानें कारखाना वसविला तो समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांत. प्रत्येक शेडीभोंवतीं मातीचे उंच बांध होते. द्रव्य तापूं लागलें तर तें खालच्या पाण्यानें भरलेल्या हौदांत सोडून देण्याची सोय असे. तापमापकावर नजर ठेवणाऱ्या कामगाराला बसावयाला एका पायाचें स्टूल देत. डुलकी लागली कीं तो पडलाच पाहिजे! या स्टुलाची गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. परंतु तींतील मर्म कौतुकाचें नसून चिंतेचें आहे. टनभर नायट्रोग्लिसरीन एका पात्रांत कालवावयाचें आणि शेंकडों माणसांचा जीव एका माणसाच्या जागेपणावर टांगावयाचा, ही मूळ रचनाच सदोष होती. विसाव्या शतकाच्या मध्याला अखंड प्रवाहाची नवी पद्धति निघाली. तींत द्रव्यें वेगानें एकत्र येतात, क्रिया कांहीं क्षणांत उरकते, आणि क्रियेच्या जागीं एका वेळीं टनाऐवजी किलोच्या मापानें द्रव्य असतें. स्टूल गेलें तें कामगार अधिक दक्ष झाला म्हणून नव्हे. राखावयाचें द्रव्यच उरलें नाहीं म्हणून गेलें.

पण हा धडा इतर धंद्यांनीं उचलला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचा आकार झपाट्यानें वाढला. मोठें यंत्र दर टनास स्वस्त पडतें, हें अर्थशास्त्राचें सूत्र प्रत्येक आंखणीचें बीजवाक्य होऊन बसलें. मोठ्या यंत्राच्या पोटांत मोठा साठा असतो, ही गोष्ट हिशेबाच्या वहींत कोठेंच लिहावी लागत नव्हती. तिची नोंद झाली ती १ जून १९७४ रोजीं, इंग्लंडांतील फ्लिक्सबरो या खेड्यांत.

तेथें नायलॉनचा कच्चा माल तयार करण्यासाठीं सायक्लोहेक्झेन हें पेट्रोलसारखें ज्वालाग्राही द्रव्य सुमारें १५५ अंशांपर्यंत तापवून दाबाखालीं सहा पात्रांतून एकामागून एक नेत असत. त्यांत हवा सोडीत. पण एका फेऱ्यांत शेंकडा सहाच्या आसपासच द्रव्य बदले, व बाकीचें पुन्हां फिरवावें लागे. म्हणजे कारखान्याच्या पोटांत जें उकळतें द्रव्य होतें, त्याचा बहुतेक भाग नुसता प्रवास करीत होता ! वसंतांत पांचव्या पात्रास भेग पडली. तें काढून चौथें व सहावें पात्र जोडण्यासाठीं वीस इंची नळ बसविण्यांत आला. त्याच्या दोन्ही टोंकांस भात्यासारख्या लवचिक जोडण्या होत्या. या नळाचा आराखडा झाला तो कर्मशाळेच्या जमिनीवर खडूनें. ताणाचा योग्य हिशेब कोणी केला नाहीं, आणि तो करूं शकणाऱ्या यंत्र-अभियंत्याची जागा त्या वेळीं रिकामी होती. दोन महिन्यांनीं नळ निखळला, टनावारी वाफेचा ढग पसरला आणि पेटला. अठ्ठावीस माणसें मेलीं. त्यांपैकीं अठरा नियंत्रण-कक्षांत होतीं. शनिवार होता म्हणून कचेरी रिकामी होती. एरवी हा आकडा कितीतरी वाढला असता.

चौकशींतून निघालेला पहिला निष्कर्ष नळाविषयीं होता, व तो बरोबरहि होता. कोणताहि फेरबदल, मग तो तात्पुरता कां असेना, मूळ रचनेइतक्याच काळजीनें तपासला पाहिजे, हा दंडक तेव्हांपासून रूढ झाला. नियंत्रण-कक्ष धोक्याच्या ऐन तोंडाशीं, मोठाल्या खिडक्यांचा व कच्च्या छपराचा नसावा, हेंहि ठरलें. द्यु पोंटला पावणेदोनशें वर्षांपूर्वीं उमगलेली भिंतीची भाषा पुन्हां वाचावी लागली. परंतु याहून खोल प्रश्न विचारणारा एक मनुष्य होता. त्याचें नांव ट्रेव्हर क्लेट्झ. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनींत तो सुरक्षिततेचा सल्लागार होता. ही कंपनी १९२६ सालीं स्थापन झाली ती चार कंपन्यांच्या एकीकरणानें. त्यांत लब्लां-कारखानदारांची संयुक्त कंपनी होती, सॉल्व्हेच्या कृतीची ब्रुनर-माँड होती आणि नोबेलची ब्रिटिश शाखाहि होती. येथवर सांगितलेला सर्व इतिहास जणूं त्या एका कंपनीच्या घराण्यांतला होता.

१४ डिसेंबर १९७७ रोजीं क्लेट्झनें एक व्याख्यान दिलें. व्याख्यानाचें स्थळ विड्नेस. तेंच विड्नेस, जेथें लब्लांच्या सोड्यानें एकेकाळीं आकाश काळें केलें होतें आणि जेथें गॉसेज उत्तरायुष्यांत साबणाचा कारखानदार म्हणून राहिला होता. क्लेट्झच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : जी वस्तु आपल्यापाशीं नाहीं ती गळणार कोठून ? आजवर आपण मोठा साठा करीत आलों आणि मग त्याभोंवतीं पहारे बसवीत आलों; झडपा, घंटा, तापमापक, फवारे. पहारा झोंपतो, मोडतो, काटकसरीखातर काढूनहि घेतला जातो. म्हणून आधीं साठाच कमी करतां येईल काय हें पाहावें. तें न साधल्यास घातक द्रव्याऐवजीं सौम्य द्रव्य वापरतां येईल काय ? तेंहि न साधल्यास तेंच द्रव्य कमी तापमानास, कमी दाबास वा पातळ करून ठेवतां येईल काय ? आणि सर्व रचना इतकी साधी ठेवतां येईल काय कीं, चूक करावयास जागाच उरूं नये ? पहारे लागतील ते यानंतरचे. हा विचार ऐकावयास इतका सोपा आहे कीं, तो सांगण्यास विद्वानाची काय गरज, असें वाटावें. गरज होती, कारण आंखणीच्या पहिल्या दिवशीं हे प्रश्न विचारण्याची रीतच नव्हती, आणि शेवटच्या दिवशीं विचारून उपयोग नसतो.

त्याच सुमाराचें इटलीतील उदाहरण घेऊं. १० जुलै १९७६ रोजीं सेव्हेसोजवळच्या मेडा गांवीं एका पात्रांतील द्रव्य बंद कारखान्यांत आपोआप तापत गेलें. अशा प्रसंगासाठीं पात्रावर ठराविक दाबास फुटणारी तबकडी बसविलेली होती. ती फुटली, म्हणजे तिनें आपलें काम चोख केलें आणि पात्र वांचलें. पण तिच्यामागची नळी सरळ छपरावर, मोकळ्या हवेंत उघडत होती. सुटलेलें द्रव्य धरावयास तेथें ना हौद होता, ना गॉसेजचा मनोरा. डायॉक्सिन या अत्यंत घातक विषाचा ढग वस्तीवर उतरला. मुलांच्या अंगावर व्रण उठले, हजारों जनावरें मेलीं वा मारावीं लागलीं, कुटुंबेंच्या कुटुंबें घर सोडून गेलीं. ज्या यंत्रानें कारखान्याची मालमत्ता वांचविली त्याच यंत्रानें गांवावर विष सोडलें. सुरक्षितता म्हणजे कोणाची सुरक्षितता, हा प्रश्न याहून स्पष्ट कोठें दिसणार ? या प्रसंगावरून युरोपांतील राष्ट्रांनीं १९८२ मध्यें जो सामायिक नियम केला तो सेव्हेसोच्याच नांवानें ओळखला जातो.

आतां भोपाळ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीचें वर्णन आम्ही येथें करीत नाहीं. तें सर्वांस ठाऊक आहे. आमचा प्रश्न रचनेपुरता आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यांत कार्बारिल नांवाचें कीटकनाशक होत असे. मेथिल आयसोसायनेट हें तेथलें विकावयाचें द्रव्य नव्हतें. कृतीच्या मधल्या पायरीवर तयार होणारें व पुढच्या पायरीवर संपणारें तें द्रव्य होतें. तरीहि तें तीन मोठ्या टांक्यांत साठविण्याची योजना होती, आणि त्या रात्रीं ६१० क्रमांकाच्या टांकींत तें ४० टनांहून अधिक होतें. हें द्रव्य ३९ अंशांस उकळतें. पाण्याशीं त्याचा संबंध आला कीं तें तापत जातें. टांकींत पाणी कसें शिरलें, नळ धुतांना कीं कोणी मुद्दाम सोडलें, यावर वाद झाला व अद्याप होतो. पण पाणी कोणीहि सोडलेलें असो, त्याची गांठ पडली ती ४० टनांशीं. आणि ते ४० टन तेथें त्या रात्रीं कोणी चोरून आणून ठेविलेले नव्हते.

पहारे तेथेंहि होते. द्रव्य थंड ठेवणारें शीतयंत्र होतें; तें त्याच वर्षीं कित्येक महिने आधीं बंद केलेलें होतें. वायु कॉस्टिक सोड्यानें धुणारा मनोरा होता. म्हणजे गॉसेजच्या पवनचक्कीचा वंशजच. पण एवढा लोंढा पेलण्याच्या मापाचा तो कधींच नव्हता. वायु जाळणारी ज्योत होती. तिच्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठीं काढलेला होता. पाण्याचे फवारे होते. वायु ज्या उंचीवर बाहेर पडत होता तेथवर ते पोहोंचत नव्हते. एकामागून एक चार भिंती होत्या आणि त्या चारी एकाच रात्रीं पडलेल्या आढळल्या. कारण त्या चोहोंचा पाया एकच, पैशाची काटकसर, हा होता. जो कारखाना तोट्यांत चालतो तो प्रथम पहारेकऱ्यांचाच पगार कापतो. उलटपक्षीं, जो साठा मुळीं नाहीं त्याच्यावर काटकसर करतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हें मागाहून सुचलेलें शहाणपण आहे. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. भोपाळची योजना कागदावर उतरली ती क्लेट्झच्या व्याख्यानापूर्वीं. परंतु त्याच द्रव्यांचा क्रम बदलून, मेथिल आयसोसायनेट मुळींच उत्पन्न न होऊं देतां कार्बारिल करण्याची दुसरी कृति त्या काळीं माहीत होती व वापरांतहि होती. ती महाग होती, आणि फॉस्जीन हें विष तींतहि लागतें, हें खरें. पण ४० टनांची टांकी लागत नाहीं. शिवाय मधल्या द्रव्याचा एवढा साठा ही रसायनशास्त्राची अट नव्हती. ती सोय होती. भोपाळनंतर अमेरिकेंतील टेक्सासमधील ला पोर्ट येथें द्यु पोंट कंपनीनें हेंच द्रव्य लागेल तसें करून लगेच संपविण्याची रचना केली; टनांचे किलो झाले. रस्त्यापलीकडच्या वस्तीची गोष्टहि अशीच. घातक धंदे वस्तीपासून किती दूर असावे याचे वर्ग पाडणारा हुकूम नेपोलियनच्या सरकारनें १८१० सालींच काढला होता. भोपाळांत कारखान्याच्या दारासमोर गरिबांच्या झोंपड्या होत्या, आणि त्यांतील लोकांना आपण कशाशेजारीं निजतों हें कोणी सांगितलेलें नव्हतें.

मात्र नव्या विचारालाहि मंत्र समजूं नये. ज्या ला पोर्टचा वर गौरव केला, त्याच कारखान्यांत १५ नोव्हेंबर २०१४ रोजीं मेथिल मरकॅप्टन या दुसऱ्याच वायूनें चार कामगारांचा बळी घेतला. एका द्रव्यापुरतें शहाणपण शेजारच्या नळांत आपोआप वाहत जात नाहीं. तसेंच कारखान्यांतला साठा कमी करून रोज टँकरनें माल आणविला, तर धोका नाहींसा न होतां रस्त्यावर येतो. लब्लांच्या वायूनें हवेंतून ओढ्यांत जाऊन जी फसवणूक केली तीच ही. म्हणून प्रश्न एका टांकीचा नसून सबंध प्रवासाचा विचारावा लागतो.

आपल्या देशानें भोपाळपासून कांहीं शिकलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८६ सालीं पर्यावरण-संरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षीं दिल्लींतील ओलियम-गळतीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें धोक्याचा धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे असें ठरविलें. १९८७ मध्यें कारखान्यांचा कायदा सुधारला, व १९८९ च्या नियमांनीं कोणत्या द्रव्याचा किती साठा झाला म्हणजे कोणतें बंधन लागूं होतें याचीं कोष्टकें घालून दिलीं. साठ्याचें परिमाण कायद्याच्या भाषेंत आलें, ही प्रगति लहान नाहीं. पण कोष्टक विचारतें तें 'किती ?' एवढेंच; 'कां ?' हें विचारीत नाहीं. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ स्टायरीनच्या एका मोठ्या टांकींतून वायु सुटून किमान बारा माणसें गेलीं. टाळेबंदींत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेलें द्रव्य वरच्या थरांत तापत गेलें, आणि तापमान मोजलें जाई तें तळाशीं. कारखाना बंद होता. द्रव्य मात्र बंद नव्हतें. आमच्या डोंबिवलींत २०१६ व २०२४ या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत स्फोट झाले, तेव्हां कारखान्यांइतक्याच आसपासच्या घरांच्या कांचा फुटल्या. वस्ती व कारखाना यांमधील अंतर आपण किती खाल्लें आहे याचें तें मोजमाप होतें.

तेव्हां या इतिहासाचें सार काय ? धुरांडें संकट दूर पाठवितें, मनोरा तें धरून ठेवतो, भिंत तें मर्यादित करते, आणि कृतींतील बदल तें नाहींसें करतो. या चार पायऱ्या आहेत, व त्यांचा क्रम उलटा लावण्याची खोड मनुष्याला आहे. कारण वरच्या पायरीचा खर्च आज दिसतो आणि खालच्या पायरीचा खर्च उद्यां दुसऱ्या कोणी तरी भरावयाचा असतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियामधल्या काँट्रा कोस्टा या जिल्ह्यानें १९९९ पासून आपल्या कारखानदारांवर असें बंधन घातलें आहे कीं, अधिक निर्धोक कृति शक्य आहे काय याचा विचार त्यांनीं लेखी करून दाखवावा. बंधन विचार करण्याचें आहे, आणि तरीहि तें पुष्कळ आहे. कारण कागदावर 'कां?' याचें उत्तर लिहावें लागलें म्हणजे 'सोय' हा शब्द लिहितांना लेखणी अडखळते.

आमच्याकडे कित्येक मोठ्या प्रकल्पांपूर्वीं जनसुनावणी होते. तींत रोजगार किती मिळेल, रस्ता होईल काय, जमिनीचा दर काय, हे प्रश्न विचारले जातात, व ते विचारलेच पाहिजेत. त्यांत आणखी दोन प्रश्नांची भर पडावी, एवढीच आमची सूचना आहे. येथें सर्वांत घातक असें कोणतें द्रव्य, आणि तें एका वेळीं किती असणार ? आणि इतकें कां ? हे प्रश्न विचारावयाला रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. त्यांचें उत्तर ज्याला देतां येत नाहीं त्याच्या हातीं नकाशाचा कागद देऊं नये, एवढें समजण्यापुरती किंमत आपण भोपाळमध्यें पुरेपूर मोजलेली आहे.